तांबे, तीन अमिनो आम्ले आणि न भरणारी जखम

सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत अलीकडे फिकट निळ्या द्रावणाच्या छोट्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. त्यांवर 'कॉपर पेप्टाइड' असे लिहिलेले असते आणि खाली सुरकुत्या, व्रण, गळणारे केस यांविषयीची आश्वासने असतात. निळा रंग तांब्याचा. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण कालवणाऱ्या शेतकऱ्याला मोरचुदाचा जो निळा रंग ठाऊक आहे, त्याच कुळातला. बाटलीतला मुख्य रेणू मात्र प्रसाधनांच्या कारखान्यात जन्मलेला नाही. तो माणसाच्या रक्तात सापडला, आणि शोधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या वेळी यकृत होते. यकृतापासून जखमेपर्यंत आणि जखमेपासून प्रसाधनाच्या बाटलीपर्यंत हा रेणू कसा आला, हा या लेखाचा विषय आहे.

प्रश्न नुसता कुतूहलाचा नाही. मधुमेहामुळे तळपायाला पडलेली जखम महिनोन् महिने भरत नाही आणि शेवटी बोट किंवा पाऊल कापावे लागते, अशी उदाहरणे आज आपल्या नात्यागोत्यात सहज आढळतात. त्या जखमेवर हा रेणू औषध ठरेल असे एके काळी गंभीरपणे मानले गेले होते. ते का मानले गेले आणि पुढे काय झाले, हे क्रमाने पाहू.

तांबे शरीराला कशासाठी?

१९२८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातून हार्ट, स्टीनबॉक, वॉडेल आणि एल्व्हेजेम या चौघांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. नुसत्या दुधावर वाढवलेल्या उंदरांना पंडुरोग होतो. दुधात लोह कमी असते, म्हणून त्यांना शुद्ध लोह दिले, तरी उंदीर सुधारेनात. लोहाच्या जोडीला तांब्याचा अंश दिल्यावर मात्र रक्त भरून येऊ लागले. प्राण्यांच्या आहारात तांबे अत्यावश्यक आहे, हे या प्रयोगाने ठसवले. पुढे १९३७मध्ये बेनेट्स आणि चॅपमन यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातील कोकरांच्या पाय लटपटण्याच्या रोगाचा संबंध तांब्याच्या कमतरतेशी जोडला.

तांब्याचा आणि ऊतींच्या मजबुतीचा संबंध दिसायला आणखी पंचवीस वर्षे लागली. १९६१मध्ये मिसुरी विद्यापीठातील ओडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबे न मिळालेल्या कोंबडीच्या पिलांमधील संयोजी ऊतींचा दोष वर्णन केला. त्याच सुमारास यूटा विद्यापीठातील संशोधकांना तांब्यावाचून वाढवलेल्या डुकरांमध्ये तसेच काही दिसले. या प्राण्यांच्या महाधमनीची भिंत फाटत होती. रक्त कमी पडून मरणे वेगळे आणि रक्तवाहिनीच उसवून मरणे वेगळे. तांबे कुठेतरी शरीराच्या शिवणीत लागत होते.

ही शिवण समजायची तर कोलॅजन समजले पाहिजे. कातडी, हाड, स्नायुबंध, रक्तवाहिनीची भिंत या सर्वांना ताण सोसण्याची ताकद देणारे हे तंतुमय प्रथिन. त्याची रचना उलगडण्याच्या इतिहासात मद्रासचे नाव मोठे आहे. १९५२मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ बर्नाल मद्रास विद्यापीठात आले असता कोलॅजनच्या रचनेचा प्रश्न अजून सुटलेला नाही, असे त्यांनी गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांना सांगितले. शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून रामचंद्रन यांनी कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंध मिळवला, क्ष-किरणांची चित्रे काढली आणि गोपीनाथ कार्था यांच्यासह १९५४ व १९५५मध्ये तीन पदरी पिळाची रचना मांडली. वेणीसारखे तीन पदर. ते इतके घट्ट बसायचे तर प्रत्येक पदरात दर तिसरे अमिनो आम्ल सर्वांत लहान, म्हणजे ग्लायसिन, असावे लागते. ही 'दर तिसरे ग्लायसिन' गोष्ट लक्षात ठेवावी. ती पुढे अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडेल.

वेणी घातली तरी तंतू एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून आडवे टाके लागतात. १९६८मध्ये पिनेल आणि मार्टिन यांनी हे टाके घालण्याची पहिली पायरी करणारे विकर हाडाच्या अर्कात दाखवले. त्याला पुढे लायसिल ऑक्सिडेज हे नाव मिळाले. हे विकर तांब्यावाचून चालत नाही. डुकराची धमनी का फाटली, याचे उत्तर मिळाले: धागा होता, सुई होती, पण सुईच्या टोकाला लागणारे तांबे नव्हते.

मेंढीची लोकर आणि बाळाचे केस

माणसातला पुरावाही लवकरच आला. १९६२मध्ये जॉन मेंकेस यांनी एकाच कुटुंबातील मुलग्यांमध्ये आढळणारा एक आनुवंशिक विकार वर्णन केला. बाळे सुरुवातीला बरी दिसत, मग मेंदूची वाढ खुंटे आणि काही वर्षांत मृत्यू येई. केस ठिसूळ, पिळवटलेले असत. कारण कोणालाच कळत नव्हते. दहा वर्षांनी मेलबर्नचे बालरोगतज्ज्ञ डेव्हिड डँक्स यांना ते केस पाहून तांबेविरहित कुरणांत चरणाऱ्या ऑस्ट्रेलियन मेंढ्यांची बिघडलेली लोकर आठवली. त्यांनी बाळांच्या रक्तातील तांबे मोजले आणि ते फार कमी निघाले. आतड्यात तांबे येत होते, पण तिथेच अडकून पडत होते. या बाळांच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या होत्या, कातडी सैल होती. आडवे टाके नीट पडले नव्हते.

इथे टोरांटोच्या बालरुग्णालयात काम करणारे भारतीय वंशाचे जीवरसायनशास्त्रज्ञ बिबुधेंद्र सरकार यांचे काम महत्त्वाचे ठरले. रक्तातील बहुतेक तांबे सेरुलोप्लाझमिन या प्रथिनात कायमचे बसवलेले असते. ते चटकन देवघेवीला मिळत नाही. उरलेले थोडे तांबे अल्ब्युमिनवर आणि काही अंशी हिस्टिडिन या अमिनो आम्लाला बांधलेले असते. तांबे व हिस्टिडिनचा हा संयोग सरकार यांनी १९६०च्या दशकात दाखवला, आणि पुढे तोच मेंकेस विकाराच्या बाळांना टोचून दिला गेला. जन्मानंतर लगेच सुरू केल्यास काही मुलांना त्याचा फायदा होतो. सर्वांना होत नाही.

या उपचारामागची विचाराची साखळी साधी होती. काय कमी आहे ते ठाऊक, ते का पोचत नाही ते ठाऊक, आणि पोचवणारा रेणू हाताशी. आता ज्या रेणूची गोष्ट सांगायची आहे, त्याच्या बाबतीत ही साखळी कधीच पूर्ण जुळली नाही.

सॅन फ्रान्सिस्को, १९७३

लॉरेन पिकार्ट सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉक्टरेटचे काम करत होते. यकृत फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन बनवते आणि वयानुसार ते अधिक बनते. पिकार्ट यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, वृद्धांच्या यकृताच्या ऊती तरुणांच्या रक्तद्रवात ठेवल्या की त्या तरुण ऊतींसारखे वागू लागत. तरुण रक्तातील हा घटक कोणता, याचा शोध घेत ते एका अगदी लहान रेणूपर्यंत पोचले. १९७३मध्ये 'नेचर न्यू बायॉलॉजी' या नियतकालिकात पिकार्ट आणि मायकेल थेलर यांचा निबंध आला. रक्तातील एक त्रिपेप्टाइड निरोगी यकृतपेशींना अधिक काळ जगवते आणि यकृताच्या अर्बुदपेशींची वाढ वाढवते, असे तो निबंध सांगत होता.

या वाक्याचा उत्तरार्ध जाहिरातीत कधी येत नाही, म्हणून तो इथे मुद्दाम नोंदवतो. पहिल्याच निबंधाच्या शीर्षकात अर्बुदपेशींची वाढ होती. पेशींना 'वाढा' असे सांगणारा कोणताही रेणू पेशी चांगली की वाईट हे विचारत बसत नाही.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहान माळ. या माळेत तीनच मणी होते. १९७७मध्ये श्लेसिंगर, पिकार्ट आणि थेलर यांनी त्यांचा क्रम निश्चित केला: ग्लायसिन, हिस्टिडिन, लायसिन. रसायनशास्त्रातील एकाक्षरी खुणांनुसार जी, एच, के. म्हणून त्याला 'जीएचके' म्हणतात. रक्तातून वेगळे करताना या पेप्टाइडबरोबर तांबे आणि थोडे लोहही येत होते. आधी ती अशुद्धी वाटणे स्वाभाविक होते.

ती अशुद्धी नव्हती. हिस्टिडिनची नायट्रोजनयुक्त कडी, ग्लायसिनच्या टोकाचा नायट्रोजन आणि दोघांमधल्या बंधातला नायट्रोजन, असे तीन नायट्रोजन मिळून तांब्याच्या एका अणूला चिमट्यासारखे पकडतात. लायसिनची शेपटी मोकळी राहते. १९८०मध्ये पिकार्ट यांच्यासह सात संशोधकांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. हे पेप्टाइड पेशीत तांबे शिरायला मदत करून काम करत असावे, असे त्यात मांडले होते. 'असावे' हा शब्द मूळ शीर्षकातच आहे. दुसऱ्याच वर्षी टोरांटोहून लाऊ आणि सरकार यांनी तांबे व जीएचके यांच्या बंधाचा तपशीलवार अभ्यास छापला. तांबे धरून ठेवण्याची या तीन मण्यांची ताकद अल्ब्युमिनसारख्या मोठ्या प्रथिनाच्या तोडीची निघाली.

१९८२मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतून के. एस. राजू व सहकाऱ्यांचा आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सशाच्या डोळ्याच्या पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिथे नवी वाहिनी उगवली की स्पष्ट दिसते. सेरुलोप्लाझमिन, हेपारिन आणि जीएचके हे तीन अगदी वेगळे रेणू त्यांनी वापरले. तिन्ही रेणू तांब्यासह ठेवले की वाहिन्या उगवत, तांबे काढून घेतले की उगवत नसत. जखम भरायला नव्या रक्तवाहिन्या लागतात. त्यामुळे हा निष्कर्ष जखमेकडे बोट दाखवत होता. पण गाठीलाही वाढायला नव्या वाहिन्याच लागतात. म्हणूनच पुढे मिशिगनचे ब्रूअर शरीरातील तांबे कमी करणारे औषध कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहत होते. एकाच धातूच्या या दोन बाजू आहेत.

रीम्सचे पात्र

जखमेचा प्रश्न थेट हाती घेतला तो फ्रान्समधील रीम्स येथील माकार, बोरेल आणि त्यांच्या गटाने. १९८८मध्ये त्यांनी काचपात्रात वाढवलेल्या फायब्रोब्लास्ट पेशींवर, म्हणजे कोलॅजन विणणाऱ्या पेशींवर, तांबेयुक्त जीएचकेचा परिणाम मोजला. पेशींची संख्या तशीच राहिली, पण त्या अधिक कोलॅजन बनवू लागल्या. सर्वाधिक परिणाम दिसला तो लिटरमागे एक नॅनोमोल इतक्या विरळ प्रमाणात. हे किती विरळ? जीएचकेचा रेणुभार सुमारे ३४० आहे. त्या हिशेबाने एक ग्रॅम पेप्टाइड जवळपास तीस लाख लिटरमध्ये मिसळावे लागेल. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर धरला तर असे सुमारे ३०० टँकर.

हा आकडा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. रक्तात लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम तांबे असतेच. त्याच्यापुढे नॅनोमोलभर पेप्टाइडने आणलेले तांबे हजारो पटींनी कमी आहे. म्हणजे काचपात्रातला परिणाम खरा असेल, तर तो 'तांब्याचा पुरवठा वाढला' यामुळे झालेला नसणार. हा रेणू तांबे वाहून नेणारा हमाल असण्यापेक्षा निरोप्या असण्याची शक्यता अधिक.

निरोप कोणता असेल, याची एक सुंदर कल्पना त्याच निबंधात आहे. आता रामचंद्रन यांचे 'दर तिसरे ग्लायसिन' आठवावे. कोलॅजनचा पदर ग्लायसिनने सुरू होणाऱ्या त्रिकांचाच बनलेला असतो. कातडीतील मुख्य कोलॅजनच्या एका पदरात या त्रिकांपैकी एक त्रिक ग्लायसिन–हिस्टिडिन–लायसिन असेच आहे. पदर अखंड असतो तोवर ग्लायसिनचा नायट्रोजन शेजारच्या मण्याला बांधलेला असतो आणि चिमटा तयार होत नाही. जखम झाली, विकरांनी फाटके कोलॅजन कापायला सुरुवात केली, की हे तीन मणी सुटे होऊ शकतात, तांबे पकडू शकतात आणि शेजारच्या पेशींना सांगू शकतात: इथे फाटले आहे, विणायला घ्या. तुटल्याची खबर तुटलेल्या तुकड्यानेच द्यावी, अशी ही योजना. १९९४मध्ये लेन, सेज आणि सहकाऱ्यांनी 'स्पार्क' नावाच्या दुसऱ्या प्रथिनातूनही असे तांबे पकडणारे तुकडे सुटतात आणि ते रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देतात, हे दाखवले. त्यामुळे कल्पनेला बळ मिळाले. प्रत्यक्ष माणसाच्या जखमेत सारे याच क्रमाने घडते, असा दावा मात्र यावरून करता येत नाही.

रीम्सच्या गटाने १९९३मध्ये पुढची पायरी गाठली. उंदरांच्या कातडीखाली पोलादी जाळीची लहान नळकांडी बसवायची. शरीर तिला जखम समजून आत नवी ऊती भरते, आणि ती ऊती बाहेर काढून तोलता येते. तांबेयुक्त जीएचके टोचलेल्या नळकांड्यांत अधिक ऊती भरली आणि त्यातही कोलॅजनचे प्रमाण इतर प्रथिनांपेक्षा जास्त वाढले. पुढे याच गटाला असेही दिसले, की हा रेणू जुने धागे कापणाऱ्या एका विकरालाही चालना देतो. जुने काढणे आणि नवे विणणे ही दोन्ही कामे जखमेत बरोबरच चालावी लागतात. नुसते विणले तर जाड व्रण उरतो.

माणसाच्या पायापर्यंत

इथवर आलेला पुरावा कोणालाही मोहात पाडील असाच होता. पिकार्ट यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात 'प्रोसाइट' ही कंपनी स्थापन केली होती. रेणूला औषध बनवण्याची वाट तिथून सुरू झाली.

१९९२मध्ये शिरांच्या दोषामुळे पायाला झालेल्या, न भरणाऱ्या जखमांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. ८६ रुग्णांचे तीन गट होते. एकाला तांबेयुक्त त्रिपेप्टाइडचे मलम, दुसऱ्याला भाजलेल्या जखमेवर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिन, तिसऱ्याला औषध नसलेले मलम. कोणाला काय मिळाले हे जखम मोजणाऱ्याला ठाऊक नव्हते. चार आठवड्यांत सिल्व्हर सल्फाडायझिनच्या गटात जखमेचे क्षेत्र सरासरी ४४ टक्क्यांनी घटले. औषधाविना मलमाच्या गटात ते सुमारे २२ टक्क्यांनी, आणि त्रिपेप्टाइडच्या गटात सुमारे १९ टक्क्यांनी घटले. म्हणजे या जखमांवर तांब्याचे मलम साध्या मलमापेक्षा सरस ठरले नाही.

दोनच वर्षांनी, १९९४मध्ये, मल्डर व सहकाऱ्यांनी मधुमेहींच्या पायाच्या जखमांवरचे निष्कर्ष छापले. इथे चित्र अगदी वेगळे होते. तळपायावरच्या जखमा तांबेयुक्त जीएचकेच्या जेलने मध्यमान ९८.५ टक्के भरल्या, औषध नसलेल्या जेलने ६०.८ टक्के. जंतुसंसर्गाचे प्रमाण ७ टक्के विरुद्ध ३४ टक्के. यातला एक बारकावा महत्त्वाचा आहे. जखमेतील मृत मांस काढून ती साफ केल्याबरोबर जेल सुरू केला तर फायदा दिसला. चार आठवडे थांबून सुरू केल्यावर तो तितका उरला नाही.

दोन्ही चाचण्या एकत्र वाचल्या की काय दिसते? जखम हा एक रोग नव्हे. शिरेत रक्त तुंबून झालेली जखम, संवेदना गेलेल्या पायावर दाब पडून झालेली जखम आणि उंदराच्या पाठीत बसवलेली नळकांडी, तिन्हींना आपण 'जखम' म्हणतो, पण तिन्ही न भरण्याची कारणे वेगळी आहेत. नळकांडी तर मुळात निरोगी उंदरात होती. ती आपोआपही भरलीच असती. रेणूने तिला वेग दिला. ज्या पायात रक्तच पोचत नाही किंवा ज्यावर रोज शरीराचा भार पडतो आहे, तिथे 'विणा' हा निरोप पोचूनही विणणारे हात बांधलेलेच असतात.

यातल्या दाबाचे महत्त्व वेल्लोरला आधीच कळले होते. कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवले, की त्या जखमा 'सडक्या मांसा'मुळे राहत नाहीत. वेदना न कळल्याने रुग्ण त्याच जागी पाऊल टेकत राहतो, म्हणून त्या राहतात. पायाला प्लास्टर घालून दाब वाटून टाकला की त्याच जखमा भरून येत. १९६६मध्ये ब्रँड अमेरिकेत गेले आणि वेल्लोरचा हा धडा मधुमेही पायांनाही लागू झाला. मल्डर यांच्या चाचणीत औषध न मिळालेल्या जखमाही साठ टक्के भरल्या, त्याचे श्रेय नीट साफसफाई आणि निगा यांना द्यावे लागेल. कोणत्याही नव्या रेणूला आधी या साठ टक्क्यांच्या पुढे जाऊन दाखवावे लागते.

१९९४चे आश्वासक आकडे पुढे औषधाच्या मान्यतेपर्यंत गेले नाहीत. मधुमेही जखमांसाठी अमेरिकेत १९९७मध्ये मान्यता मिळाली ती बेकाप्लर्मिन या वेगळ्या, प्रथिनरूप वाढघटकाला. तांब्याचा जेल जखम ओलसर ठेवणारे आच्छादन म्हणून बाजारात राहिला. औषध आणि आच्छादन यांत कायद्याने मोठा फरक आहे. औषधाला बरे करण्याचा पुरावा द्यावा लागतो. २००५मध्ये प्रोसाइट कंपनी फोटोमेडेक्स या कंपनीत विलीन झाली. तोवर या रेणूचा संसार प्रसाधनांच्या बाजारात थाटला गेला होता. तिथे दावा 'त्वचा टवटवीत दिसते' इतकाच करायचा असतो आणि त्यासाठी ८६ रुग्णांच्या पायांवर फूटपट्टी धरावी लागत नाही.

एक जुना हिशेब

माझ्यासारख्या स्वतःच्या बळावर वाचणाऱ्याला मोठी उपकरणे मिळत नाहीत, पण कागद-पेन्सिल मिळते. पिकार्ट यांच्या लेखांत रक्तद्रवातील जीएचकेचे प्रमाण विशीत मिलिलिटरमागे सुमारे २०० नॅनोग्रॅम आणि साठीत सुमारे ८० नॅनोग्रॅम असे दिलेले आहे. वय वाढते, जीएचके घटते, जखमा सावकाश भरतात, म्हणून बाहेरून जीएचके द्यावे, अशी मांडणी यावर उभी आहे. विशीचाच आकडा घेऊ. २०० नॅनोग्रॅम म्हणजे लिटरमागे साधारण ०.६ मायक्रोमोल. रक्तात अल्ब्युमिन लिटरमागे सुमारे ४० ग्रॅम असते आणि त्याचा रेणुभार सुमारे ६६,५००. म्हणजे अल्ब्युमिन साधारण ६०० मायक्रोमोल. एका जीएचकेमागे हजार अल्ब्युमिन. दोघांची तांबे धरण्याची ताकद जवळपास सारखी, तर वाहत्या रक्तात तांबे कोणाकडे असेल हे वेगळे सांगायला नको.

म्हणजे रक्तातून फिरणारे, तारुण्य वाटत जाणारे जीएचके हे चित्र या हिशेबात टिकत नाही. जखमेच्या जागी, तुटलेल्या कोलॅजनमधून, थोड्या वेळासाठी, थोड्या जागेत सुटणारे जीएचके हे चित्र टिकू शकते. दोन्ही चित्रांत रेणू तोच आहे. पहिले चित्र बाटली विकायला सोयीचे आहे, दुसरे प्रयोग करायला.

प्रयोग थांबलेले नाहीत. २०१२मध्ये बोस्टनच्या कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी एम्फिसीमाने झिजलेल्या फुफ्फुसांत बिघाडाच्या तीव्रतेबरोबर बदलणाऱ्या १२७ जनुकांची यादी काढली आणि हा बदल उलटवू शकणारा रेणू संगणकावरील माहितीसाठ्यात शोधला. यादीतून जीएचके वर आले. रुग्णांच्या फुफ्फुसातील फायब्रोब्लास्ट पेशींना ते दिल्यावर त्या कोलॅजनची पुन्हा नीट मांडणी करू लागल्या. मुळात जीएचकेच्या शोधात नसलेल्या लोकांना ते भेटले, हे या कामाचे विशेष. पण हेही काचपात्रच.

बाटलीला विचारायचा प्रश्न

तांब्याच्या या शंभर वर्षांत दोन वाटा दिसतात. एका वाटेवर दूध पिणारा उंदीर, फाटलेली महाधमनी, मेंढीची लोकर आणि मेंकेसची बाळे आहेत. तिथे उणीव नेमकी ठाऊक होती, म्हणून उपाय नेमका झाला आणि त्याच्या मर्यादाही कळल्या. दुसऱ्या वाटेवर जीएचके आहे. तिथे परिणाम आधी सापडला आणि उणीव कोणती, हे अजून ठरलेले नाही. रेणू खोटा नाही. पेशींवरचे आणि उंदरांवरचे त्याचे परिणाम एकाहून अधिक देशांच्या प्रयोगशाळांत दिसले आहेत. अपुरे राहिले ते कोणत्या जखमेवर, कोणत्या दिवशी, किती प्रमाणात, हे ठरवणारे मोठे, महागडे आणि कंटाळवाणे काम.

ते काम अर्धे राहिल्याची किंमत दोन प्रकारे मोजली जाते. मधुमेही पायाला जे कदाचित मिळाले असते ते मिळाले नाही. आणि जे लोक तोंडाला लावण्यापुरते थांबत नाहीत, ते आता 'फक्त संशोधनासाठी' असे छापलेल्या कुप्या मागवून स्वतःला टोचून घेऊ लागले आहेत. टोचण्याच्या तांबेयुक्त जीएचकेला २०२३मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुरक्षिततेविषयी शंका असलेल्या पदार्थांच्या यादीत टाकले होते. १९७३च्या निबंधातील अर्बुदपेशी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. मान्यता मिळालेल्या बेकाप्लर्मिनच्या वेष्टनावरही २००८मध्ये कर्करोगाविषयीचा ठळक इशारा छापावा लागला होता. अधिक माहिती आल्यावर पुढे तो काढला गेला. इशारा छापायला आणि काढायला दोन्हीसाठी रुग्णांच्या नोंदी लागतात. कुपीतून स्वतःला टोचून घेणाऱ्यांची नोंद कोणी ठेवत नाही.

म्हणून निळी बाटली हाती आली तर तिला एकच प्रश्न विचारावा: तुझा पुरावा काचपात्रातला, उंदरातला की माणसाच्या पायावरचा? आणि घरात कोणाच्या तळपायाला जखम असेल, तर बाटली बाजूला ठेवून आधी साखर, पायातला रक्तपुरवठा, जखमेची सफाई आणि पायावरचा दाब या चार गोष्टी डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात. तांब्याच्या रेणूचा निरोप खरा असला, तरी तो ऐकणाऱ्या पेशी आधी जिवंत राहिल्या पाहिजेत.